पेन्सिलीची नोंद

पाषाण तलावाच्या फाटकाशी
पावणेसातला स्कूटर लावते.
स्वेटर आता अंगात नसतो, कमरेला असतो.
फाल्गुन लागला की पुण्याची थंडी अशीच,
दारातूनच "येते हं" म्हणून निघणारी.

रखवालदार चिलवंतमामा विचारतात, "आज किती?"
जणू पाखरं मी घरून डब्यात भरून आणते.

एकोणीस वर्षांच्या सात वह्या.
उभ्या रेघा माझ्या हातच्या:
तारीख, वारा, पाणी, नाव, आकडा.

हळदी-कुंकू बदक: बावीस.
चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू,
आणि वागणं नळावरच्या भांडणातलं.
थापट्या मागच्या रविवारी एकेचाळीस,
आज नऊ.
उरलेले गोल गोल फिरत पाणी चाळतायत,
मोठ्या प्रवासाआधी पोटभर जेवून घ्यावं तसे.
जलपर्णीवरून लाजरी पाणकोंबडी निघाली आहे
नुकत्या पुसलेल्या फरशीवरून जावं तशी,
पाऊल उचलून, विचार करून.

नाल्याच्या तोंडाशी वास आहे.
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.
शेकाटे मात्र नेमके तिथेच,
गुलाबी काड्यांवर उभे, पांढरेशुभ्र.

बांधावर फोटोवाले तोफा लावून बसलेत खंड्यासाठी.
खंड्या त्यांच्या पाठीमागच्या तारेवर.
मी सांगत नाही.

गेल्या वर्षी करंजात कुणीच बोलेना.
वाटलं, पर्णवटवट्या आलेच नाहीत यंदा.
लिहिलं तसं: शून्य.
पुढच्या रविवारी शून्य. पाच रविवार.
मग कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला,
उजव्या टोकाला रेघ
तळजाईच्या उतारासारखी खाली गेलेली.
"बारीक, उंच आवाज गेलेत," म्हणाले. "बाकी उत्तम."

म्हणजे पाच रविवार
ते डोक्यावर बोलत होते
आणि मी खाली उभी राहून शून्यं काढत होते,
वळणदार अक्षरात.

म्हणून यंदा खालच्या मजल्यावरची शर्वाणी सोबत.
दुसरीत आहे. समोरचे दोन दात नाहीत.
मोडलेल्या झोपेचा राग अजून गालावर,
उशीच्या वळीसकट.
मानधन ठरलंय: येताना पोहे, शेव जास्त.

करंजाखाली ती एकदम थांबते.
बोट वर.
"बोलला."
"कसा?"
"सायकलच्या ब्रेकसारखा.
पण मावशी, खूप लहान सायकलच्या."

दुर्बीण रोखते. कोवळी पालवी, तेल लावल्यासारखी.
एक पान हलतं. वाराही असेल.
कानात माझ्या हायवेचा ट्रक,
टिटवीची तक्रार, कुणाचा तरी खोकला,
सगळं जाड जाड.
पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर
मीच लिहिलाय नियम, खाली दोन रेघा मारून:
स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच.

मी मग झाडाकडे बघणं सोडते,
तिच्या तोंडाकडे बघते.
तिचे डोळे सरकतायत.
डावीकडे. वर. अजून वर. थांबले.
खोटं सांगणारी मुलं एवढी गप्प नसतात,
तीस वर्षं गणित शिकवलंय मी.

पेनाला टोपण लावते.
पिशवीच्या तळातून पेन्सिल काढते.
पर्णवटवट्या: एक.
शेऱ्याच्या जागी: ऐकला, शर्वाणी.

ती वहीत डोकावते, स्वतःचं नाव वाचते,
काना-मात्रा तपासते.
"पण दोन आहेत," म्हणते.

मी एक खोडते.
"थांब ना मावशी. अजून बोलतायत."

थांबतो.
ती वर कान लावून, मी तिच्याकडे बघत.
एक मुंगूस करंजाआडून येतं
आणि आमच्या दोघींच्या मधून
बांध ओलांडून जातं,
तिथे कुणी नसल्यासारखं.